बाराखडीपाशी थांबू नका

(महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. लहान मुलांना वाचायला शिकवणं हेच माझं काम होतं आणि आज बोलायचं आहे तेही त्याबद्दलच. सकाळपासून इथल्या पोरांशी माझ्या गप्पा चालल्यात. गोड मराठी बोलतात सगळी. 'आजी, बेळगावहून कुंदा आणलात का?' इथपर्यंत त्यांना सगळं ठाऊक आहे. पण कार्यक्रमपत्रिका वाचून दाखव म्हटलं, की ती आईच्या हातात जाते. आई-बाबा सांगतात, 'बोलतोय ना नीट, वाचायला येईल हळूहळू.' मंडळी, ते तसं येत नाही. बोलणं कानावर पडून येतं. वाचन कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं.

हे केवळ एका शिक्षिकेचं मत नाही. माणूस बोलायला कधी लागला याचा हिशेब कुणाकडे नाही, इतकी ती जुनी गोष्ट. लिहायला लागून मात्र सुमारे पाच हजार वर्षंच झाली आणि त्यातही अगदी अलीकडेपर्यंत वाचणारे मूठभरच होते. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळा भाग तयार होणं शक्यच नव्हतं. मग आपण वाचतो कशाच्या जोरावर? स्तानिस्लास देहान आणि लोराँ कोएन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं ते असं: चेहरे आणि वस्तू ओळखण्याचं काम करणारा मेंदूचा जो मागचा, खालचा भाग आहे, त्यातला डाव्या बाजूचा एक तुकडा वाचायला शिकताना अक्षरांच्या कामाला लागतो. लिपी कोणतीही असो, जागा जवळपास तीच. म्हणजे प्रत्येक मुलाच्या डोक्यात ही जागा नव्याने घडवावी लागते. आजोबा मोठे वाचक होते म्हणून नातवाला ती आयती मिळत नाही.

या जागेचा सुगावा फार आधी लागला होता. पॅरिसमधले डॉक्टर ज्यूल देजरीन यांनी १८९२ साली एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. या गृहस्थांना अचानक वाचता येईनासं झालं. नजर शाबूत, बोलणं शाबूत, समोरची माणसं आणि वस्तू ते ओळखत. सांगितलेलं नीट लिहूनही काढत. आणि थोड्या वेळाने तोच कागद पुढे धरला, तर स्वतःच्या हातचं अक्षर त्यांना वाचता येत नसे. मेंदूच्या डाव्या बाजूला मागे इजा झाली होती आणि तेवढीच एक वाट बंद पडली होती.

आता वर्गातली गोष्ट सांगते, कारण पालक तिथेच घाबरतात. पहिलीतली मुलं अक्षरं उलटी काढतात. ३ चा ६ होतो, ६ चा ३ होतो. घरी मार बसतो, 'लक्ष नाही याचं' म्हणून. खरं तर मेंदू आपलं जुनं काम चोख करत असतो. गाय उजवीकडे तोंड करून उभी असो की डावीकडे, ती एकच गाय, हे ओळखणं रानात राहणाऱ्या माणसासाठी जगण्या-मरण्याचं काम होतं. अक्षरांच्या बाबतीत नेमकं हेच शहाणपण विसरावं लागतं. ते विसरायला वेळ लागतो. तेवढा वेळ मुलाला द्या, त्याला ढ म्हणू नका.

आमच्या भागातल्या मुलांपुढे आणखी एक गंमत असते. ती दोन लिप्या शिकतात. मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि बोलताना तिचा उच्चार मात्र मागून. डोळ्याला जे पहिलं दिसतं ते तोंडाने दुसरं म्हणायचं. हिंदी वाचकांवर झालेल्या प्रयोगांत अशा शब्दांशी मेंदूला जास्त झगडावं लागतं असं दिसलं आहे. कन्नडमध्ये तो इकार अक्षराच्या डोक्यावरच बसतो, मात्र जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लोंबतं. आमची पोरं तिसरी-चौथीपर्यंत या दोन्ही तऱ्हा पचवतात, वर इंग्रजी असतेच. घरात 'कुठं जाऊलायस?' म्हणणारं मूल पुस्तकात 'कुठे जात आहेस?' वाचतं, म्हणजे पुस्तकातली मराठीसुद्धा त्याला निम्मी नवी. तरी ती शिकतात. हैदराबादला २०१३ साली ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली, निरक्षरांमध्येही फरक दिसला. तो बोलण्याबद्दलचा अभ्यास आहे, वाचनाबद्दलचा नव्हे. पण 'दोन-तीन भाषांचं ओझं नको पोरावर' म्हणणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

आता माझा खरा मुद्दा. तुमच्या रविवारच्या वर्गात बाराखडी शिकवतात, हे फार मोठं काम आहे. पण बाराखडी झाली की आपण थांबतो आणि मला त्याचीच काळजी वाटते. वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, ते उड्या मारतात, सेकंदाला तीन-चार. प्रत्येक थांब्यावर थोडीच अक्षरं स्पष्ट दिसतात. नवशिक्या मुलाचं सगळं लक्ष त्या अक्षरांतच संपतं. 'रा... म... ला' करत तो ओळीच्या शेवटी पोचतो तेव्हा सुरुवात विसरलेली असते. त्याला वाचनात काय गोडी लागणार? गोडी लागते ती शब्द नुसता पाहताच ओळखू यायला लागला म्हणजे, कारण तेव्हा मन अर्थाकडे वळायला मोकळं होतं. आणि ते होण्यासाठी तेच ते साधे शब्द पुन्हापुन्हा, ढिगाने डोळ्यांखालून जावे लागतात. बाराखडी येते आणि पुस्तक येत नाही, अशा अवस्थेत मूल सोडलं, तर कष्ट सगळे झालेले असतात आणि फळ काहीच हाती येत नाही. पाचवीला पोचेपर्यंत ती बाराखडीही पुसट होते.

सीमाभागात आम्ही हे सोसून शिकलो. १ नोव्हेंबर १९५६ला आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्या दु:खाबद्दल इथे वेगळं सांगायला नको, २००४पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा तो वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. वाचनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की बसची पाटी कन्नड, जमिनीचा उतारा कन्नड, सरकारी नोटीस कन्नड. कन्नड शिकावी, माझ्या विद्यार्थ्यांनी ती मनापासून शिकली. पण मराठी अक्षर रस्त्यात आपोआप भेटत नसेल, तर ते मुद्दाम आणावं लागतं. ते आणलं चहाच्या टपरीवर पानं वाटून वाचल्या जाणाऱ्या, १९१९पासूनच्या 'तरुण भारत' या वृत्तपत्राने. ते आणलं बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाने. आणि ते आणलं गावोगावच्या साहित्य संमेलनांनी. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी ही शेतकऱ्यांची गावं. तिथे ग्रंथदिंडी निघते, दिवसभर मांडव भरलेला असतो. मला त्या दिंडीचा अभिमान आहे. पण शिक्षिका म्हणून सांगते, पालखीतल्या ग्रंथापेक्षा मला मांडवाच्या कडेला मांडलेलं पुस्तकांचं टेबल जास्त मोलाचं वाटतं. तिथून एक पोरगं पातळसं गोष्टीचं पुस्तक घेऊन घरी जातं आणि ते फाटेपर्यंत वाचतं.

गोष्टीच का, असं विचाराल. २००९ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी माणसं गोष्ट वाचत असताना त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. गोष्टीतल्या पात्राने वस्तू हातात घेतली, की वाचणाऱ्याच्या मेंदूतला हाताच्या हालचालीशी संबंधित भाग जागा होत होता. वाचणारा बसलेला असतो, पण मन तिथे वावरत असतं. कथा-कादंबरी वाचल्याने दुसऱ्याचं मन लगेच जास्त कळायला लागतं, असंही २०१३ साली एका प्रयोगावरून सांगितलं गेलं होतं. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, म्हणून मी तो दावा करणार नाही. एक उतारा वाचून कुणी दयाळू होत नाही. वर्षानुवर्षांच्या वाचनाबद्दल मात्र माझा विश्वास वेगळा आहे. बाबा पदमनजींचा जन्म १८३१चा, बेळगावातला. त्यांची १८५७ची 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते आणि ती आहे विधवांच्या हालांबद्दल. त्या काळातल्या एखाद्या पुरुषाला घरातल्या विधवेचं मन बोलण्यातून कळण्याची सोयच नव्हती, कारण ती त्याच्यापुढे बोलत नसे. कागदावर मात्र ती बोलू शकली.

फोनवर वाचलं तर चालेल का, हा प्रश्न सकाळी तिघा-चौघांनी विचारला. २०१८ साली ५४ अभ्यास, म्हणजे एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक, एकत्र तपासले गेले. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, विशेषतः वेळ कमी असेल तेव्हा, असं त्यात दिसलं. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. तेव्हा गोष्ट फोनवर वाचा, बिनधास्त वाचा. इथे छापील मराठी पुस्तक मिळणं किती अवघड आहे हे मी पाहतेच आहे.

आणि मोठ्या माणसांना सांगायचं ते राहिलं. इथे जन्मलेली, आता तिशी-चाळिशीत असलेली, मराठी बोलणारी पण न वाचणारी मंडळी या सभागृहात बरीच आहेत. ती म्हणतात, आमचं वय गेलं. २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लखनौजवळच्या खेड्यांतली, बहुतेक तिशीतल्या बायका असलेली निरक्षर माणसं. त्यांना सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूची तपासणी केली. बदल नुसता वरच्या थरात नव्हता, नजरेचं काम सांभाळणाऱ्या आतल्या, फार जुन्या भागांपर्यंत पोचला होता. आपलीच लिपी, आणि शिकणारी शेतामातीत राबणारी माणसं. तुमच्या तर रोज इंग्रजी वाचनात डोळे तयार झालेले आहेत.

मंडळाच्या कपाटात पुस्तकं आहेत, मी पाहून आले. त्यांतली निम्मी मुलांना आज झेपणार नाहीत. पातळ, मोठ्या अक्षरांची, एका पानावर चार ओळींची पुस्तकं मागवा, आणि एकेकाच्या चार-पाच प्रती मागवा, म्हणजे मुलं एकत्र मोठ्याने वाचतील. घरी रात्री एक पान तुम्ही वाचा, तेच पान मुलाला वाचू द्या. अडखळलं तर शब्द सांगून टाका, परीक्षा घेत बसू नका. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर आनंदाने द्या, कारण त्याच वेळी त्याचं वाचन पक्कं होत असतं.

मी उन्हाळा संपेपर्यंत लेकीकडे आहे. रविवारी दुपारी इथे येऊन बसेन. बोलता येतं पण वाचता येत नाही अशा मोठ्या माणसांनी नावं आधी द्यावीत, मुलांची त्यांच्यामागून घेऊ.