पुरतं का?

(दृश्य: फळा. खडूने लिहिलेली दोन विधानं. पहिल्यावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला.)

या कागदाखाली पहिलं विधान आहे. मुलांनी ते आत्ताच वाचलंय, त्यावर वादही घालून झालाय. आता दुसरं वाचताना पहिलं विसरायचं. सांगून कोणी विसरत नाही, म्हणून सर ते सरळ झाकून टाकतात.

(दृश्य: जिना, चपलांचा ढीग, खिडकीतून दिसणारा रस्ता.)

पुण्यात टिळक रोडलगतच्या एका इमारतीचा दुसरा मजला. खाली रस्त्यावर पाठीला सॅक लावून चाललेली मुलं बहुतेक एमपीएससीची. पेठांमधल्या अभ्यासिका त्यांनीच भरलेल्या असतात. वरच्या खोलीतली मंडळी वेगळी आहेत. आठवडाभर हिंजवडीला नाहीतर खराडीला नोकरी, आणि शनिवार-रविवार जीमॅटचा क्लास. देशोदेशीच्या बिझनेस स्कूल प्रवेशासाठी ही परीक्षा घेतात. तिच्यातला एकच प्रकार आपण बघणार आहोत: डेटा सफिशियन्सी. इथल्या बोलण्यात नुसतं डीएस.

वर एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं. उत्तर कोणी मागतच नाही. ते काढायला दिलेली माहिती पुरते का, एवढंच विचारलेलं असतं. पर्याय पाच, आणि ते कधी बदलत नाहीत. ए म्हणजे पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरत नाही. बी त्याच्या उलट. सी म्हणजे एकेकटं कुठलंच पुरत नाही, दोन्ही एकत्र घेतली की पुरतात. डी म्हणजे कुठलंही एकटं पुरतं. ई म्हणजे दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. बँकेच्या पीओ परीक्षा दिलेल्यांना हा साचा ओळखीचा असेल. कॅटच्या जुन्या पेपरांमध्येही तो असायचा.

(दृश्य: सर फळ्यावर नवा प्रश्न लिहितात. हा भाग न कापता ठेवला आहे.)

पेन १७ रुपयांना, वही २५ रुपयांना. एकाने काही पेनं आणि काही वह्या घेतल्या. पेनं किती?

पहिलं विधान: एकूण वस्तू ७. 
दुसरं विधान: एकूण बिल १४३ रुपये.

खिडकीशी बसलेल्या मुलीची वही बघा. दोन समीकरणं मांडून झालीसुद्धा. दोन अज्ञात, दोन समीकरणं, म्हणून उत्तर सी. नववी-दहावीत आपण सगळे हेच शिकलो.

(प्रत्यक्ष आवाज, सर: "अगं, थांब जरा. आधी नुसतं बिल बघ.")

कागद पुन्हा पहिल्या विधानावर येतो. फळ्यावर उरतं फक्त १४३. वही एकही नसेल तर १४३ रुपये पेनांचे. एक वही असेल तर ११८. दोन असतील तर ९३. मग ६८, ४३, १८. या सहा आकड्यांपैकी १७ ने भाग जाणारा कुठला? एकटा ६८. म्हणजे चार पेनं, तीन वह्या, दुसरी शक्यताच नाही. बिलावरून सगळं ठरतं, वस्तू किती हे कळायची गरजही पडत नाही. उत्तर बी.

याला क्लासमध्ये सी ट्रॅप म्हणतात. दोन्ही विधानं एकत्र केल्यावर उत्तर इतकं झटपट सुटतं, की एकट्याने सुटतं का हे बघायचं राहूनच जातं. पेन अर्धं विकत मिळत नाही, आणि ही साधी गोष्ट समीकरणात कुठेच लिहिलेली नसते.

(दृश्य: वहीच्या समासात ओळीने लिहिलेली अक्षरं. ए, डी. खाली बी, सी, ई.)

प्रत्येक वहीच्या समासात ही मांडणी दिसेल. पहिलं विधान एकटं पुरलं तर उत्तर ए किंवा डी. नाही पुरलं तर ते दोन्ही खोडायचे, उरतात बी, सी, ई. मग दुसरं विधान, तेही एकटं. दोन्ही एकत्र करायची वेळ फक्त तेव्हाच येते, जेव्हा दोन्ही एकेकटी नापास झालेली असतात. घाईत नेमका हाच क्रम उलटा होतो. कागद चिकटवायची सुरुवात त्यातूनच झाली.

(दृश्य: फळ्याचा उजवा कोपरा. 'शून्य, एक, उणे, अपूर्णांक' हे शब्द. इतके जुने की पुसणाराही त्यांना हात लावत नाही.)

आता थोडं बारीक बघू. अ हा ब पेक्षा मोठा आहे का? पहिलं विधान सांगतं, अ भागिले ब हे एकपेक्षा जास्त आहे. वर्गातले निम्मे हात लगेच वर जातात: ब पलीकडे नेला, अ मोठा, पुरतं. सर काही बोलत नाहीत, कोपऱ्यातल्या 'उणे' या शब्दावर खडू टेकवतात. अ उणे ३, ब उणे २. भागाकार दीड, म्हणजे विधान खरं. पण उणे ३ हा उणे २ पेक्षा लहान. आणि अ ३, ब २ घेतलं तर मोठा. एकदा हो, एकदा नाही. मग पुरत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून फसवा. प ही पूर्ण संख्या मूळ आहे का? विधान: प २४ आणि २८ यांच्या मधे आहे. २५, २६, २७, तिन्ही मूळ नाहीत. बरेच जण 'नाही' आलं म्हणून 'पुरत नाही' लिहून मोकळे होतात. पण ठाम 'नाही' हे पूर्ण उत्तर आहे. विधान पुरतं.

(दृश्य: शाळेच्या भूमितीच्या वहीची पानं. पक्ष, साध्य, सिद्धता.)

ही वही क्लासमधल्याच एकाने घरून आणली. पक्ष, साध्य, सिद्धता. मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या बोटांना ही तीन पदं अजून पाठ असतील. पक्ष उतरवून काढला तरी हाताला गुण लागायचे. पण तो पक्ष साध्यापर्यंत न्यायला पुरतो का, हे दहा वर्षांत एकदाही विचारावं लागलं नाही. पुस्तकातल्या गणितात जेवढं लागतं तेवढंच दिलेलं असतं, कमी नाही आणि सहसा जास्तही नाही. दिलेलं सगळं वापरलं नसेल तर आपलं चुकलं, असा अंदाज बांधायलाही मुलं तिथेच शिकतात. डीएसमध्ये हीच सवय आडवी येते. गणितात हुशार असलेली मुलं इथे सुरुवातीला जास्त अडखळतात, असं सरांचं निरीक्षण आहे, आणि चित्रीकरणात आम्हालाही तेच दिसलं. ती शेवटपर्यंत सोडवतात. यावर सरांचं एक ठरलेलं वाक्य आहे: घरात पीठ आहे का एवढंच विचारलंय, पोळ्या लाटायला कोणी सांगितलं?

'तीस सेकंदांत डीएस' छापाचे व्हिडिओ पाहून आलेल्यांना या वर्गात पहिले काही आठवडे कंटाळा येतो. येऊ दे.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा, सराव परीक्षेचं घड्याळ.)

परीक्षा जुनी आहे. काही अमेरिकन बिझनेस स्कूलांनी एकत्र येऊन ती उभी केली, १९५४ मध्ये पहिल्यांदा घेतली. जीमॅट हे नाव १९७६ चं, आणि १९९७ पासून ती संगणकावर आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचं रूप बदललं तेव्हा डीएस क्वांटमधून, म्हणजे गणिताच्या विभागातून, उचलून डेटा इनसाइट्स या नव्या विभागात ठेवलं गेलं. ४५ मिनिटं, २० प्रश्न, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटं. आता काही प्रश्नांत समीकरण नसतंच, नुसता तर्क असतो. या विभागात पडद्यावर कॅल्क्युलेटरही मिळतो. क्वांटमध्ये तो नाही, इथे आहे. आणि डीएस करताना ज्याचा हात सारखा कॅल्क्युलेटरकडे जातो, तो बहुधा पोळ्या लाटतोय.

(दृश्य: चुकांची वही. रकाने: प्रश्न, मी काय गृहीत धरलं, खरं काय.)

परीक्षा केंद्रात कॅमेरा नेता येत नाही, त्यामुळे तिथलं काही दाखवता येणार नाही. त्याऐवजी ही वही बघा. मधला रकाना सगळ्यात भरलेला आहे. 'संख्या पूर्ण धरली.' 'शून्य विसरलो.' 'पहिल्या विधानातलं दुसऱ्यात वापरलं.' 'क्षचा वर्ग ४९, म्हणून क्ष ७. उणे ७ सुटला.' इथे बरोबर आलेले प्रश्नही नोंदवलेत, कारण काही बरोबर उत्तरं चुकीच्या वाटेने आलेली असतात. दर रविवारी वह्यांची अदलाबदल होते आणि शेजारच्याच्या चुका मोठ्याने वाचल्या जातात. हसतात सगळे, पण वही लपवत कोणी नाही.

मिळालेला स्कोअर पाच वर्षं चालतो. यातले काही हैदराबाद-मोहालीच्या आयएसबी या बिझनेस स्कूलला अर्ज करतील, काही आयआयएमच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना, काही परदेशी. अनेक अमेरिकन स्कूलांची अर्जांची पहिली फेरी सप्टेंबरमध्येच बंद होते, म्हणून या तुकडीतल्या बहुतेकांनी परीक्षेची तारीख ऑगस्टमधली घेतली आहे.