फरशू आणि मोदक

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुणी जरा लांबण लावली की आपण म्हणतो, "उगाच तत्त्वज्ञान पाजळू नकोस." आपल्या बोलण्यात या शब्दाचा अर्थ असा झाला आहे: उपदेश, नाहीतर निवृत्तीनंतर करायची गोष्ट. त्यामुळे पदवी हातात पडलेली मुलगी "मला तत्त्वज्ञानात एम. ए. करायचंय" म्हणते तेव्हा घरचे बुचकळ्यात पडतात. मी सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "म्हणजे गीता वगैरे का? ती आपण घरी वाचतोच की." त्यांना नीट उत्तर देता यायला मला पुढची दोन वर्षं लागली. आज ते तुमच्यापुढे मांडते.

ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला माउलींनी गणपतीचं रूपक केलं आहे. त्यात सहा दर्शनं, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या सहा परंपरा, हे त्याचे सहा हात. त्या हातांत काय काय आहे? "तर्कु तोचि फरशु", म्हणजे तर्क ही त्याच्या हातातली कुऱ्हाड, आणि वेदान्त हा महारसाने भरलेला मोदक. आपल्यापैकी बहुतेकांना तत्त्वज्ञान म्हटलं की मोदकच आठवतो. एम. ए.च्या वर्गात पहिल्यांदा हातात येते ती फरशू, आणि ती पेलायला वेळ लागतो.

आमच्या वर्गात आम्ही सात जण होतो. एक बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रात्रपाळी संपवून थेट वर्गात यायच्या. आम्ही त्यांना सिस्टरच म्हणायचो. सरांनी एके दिवशी फळ्यावर न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, ठरलेलं वाक्य लिहिलं: डोंगरावर विस्तव आहे, कारण तिथे धूर आहे. आम्ही माना डोलावल्या. मग त्यांनी तेच वाक्य उलटं केलं: डोंगरावर धूर आहे, कारण तिथे विस्तव आहे. चालेल? आम्ही म्हटलं, चालेल. सर म्हणाले, "लोहाराकडचा तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पाहिलाय? त्यात विस्तव आहे, पण त्यातून धूर निघतो का?"

वर्ग गप्प झाला. विस्तवाबरोबर धूर येतो तो लाकडं ओली असली तर. ही ओली लाकडं आपण वाक्यात न सांगता गृहीत धरलेली असतात. न्यायशास्त्रात त्यांना उपाधी म्हणतात. 'नसती उपाधी' म्हणताना आपण जो शब्द वापरतो, तोच.

सिस्टर जरा थांबून म्हणाल्या, "सर, संसर्ग आणि तापाचंही असंच आहे. म्हाताऱ्या पेशंटला न्यूमोनिया असतो आणि अंगाला हात लावला तर गार. ताप नाही म्हणून संसर्ग नाही असं धरून चाललं तर माणूस हातचा जातो." सरांनी खडू खाली ठेवला. त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे तीन आठवडे घालवले. तर्कसंग्रह हा अन्नंभट्टांचा ग्रंथ आकाराने लहानसा, पण त्याचं एकेक पान असं वाचायचं असतं. माझ्या मते या अभ्यासाचं खरं वैभव याच संथपणात आहे. पुढे सिस्टर म्हणायच्या की रात्री वॉर्डात फिरताना त्यांना प्रत्येक 'कारण' या शब्दापाशी थांबावंसं वाटतं.

विस्तवाचीच आणखी एक गोष्ट सांगते. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्यांचं हे उदाहरण आहे. मांस भाजायला कुणीतरी नुकताच विस्तव पेटवला आहे. धूर अजून निघालेला नाही, पण मांसावर चिलटांचा थवा घोंगावतो आहे. दुरून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव तर आहेच. मग त्याला विस्तवाचं ज्ञान झालं असं म्हणायचं का? एडमंड गेटिये या अमेरिकन प्राध्यापकाने १९६३ साली जेमतेम तीन पानांचा लेख लिहून जवळपास हाच पेच टाकला आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं याचा विचार, ढवळून निघाली. दोन्ही परंपरा शेजारीशेजारी ठेवून वाचायला मिळतात त्या एम. ए.ला. सकाळी ह्यूम हा पाश्चात्त्य तत्त्वज्ञ, दुपारी धर्मकीर्ती हे बौद्ध आचार्य.

हे काम आपल्या महाराष्ट्रात फार मोलाचं झालं आहे. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजींनीही तिथे अध्ययन केलं होतं. १९८३ साली पुण्यात दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे या तत्त्वज्ञांच्या पुढाकाराने न्यायशास्त्राचे पंडित आणि इंग्रजीत शिकलेले प्राध्यापक एकत्र बसले. विषय होता बर्ट्रंड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाची विधानाची संकल्पना, आणि चर्चा संस्कृतात. रसेल पंडितांपुढे पूर्वपक्ष, म्हणजे आधी मांडून मग तपासायचं प्रतिपक्षाचं मत, होऊन उभा राहिला, ही कल्पनाच मला आजही हरखून टाकते.

मराठीत हा विषय लिहिता येईल का, असं मुलं मला घाबरत विचारतात. येईल. दे. द. वाडेकरांनी संपादिलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ साली तीन खंडांत आला. तो उघडा, शब्द तयार आहेत. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने मराठीत चालवलेल्या त्रैमासिकाचं नावच 'परामर्श' आहे. धूर दिसला, धूर असेल तिथे विस्तव असतो हे आठवलं, आणि असा धूर या डोंगरावर आहे हे जुळलं, की त्या क्षणाला न्यायशास्त्रात परामर्श म्हणतात. त्यानंतरच अनुमान.

आता पोटापाण्याचं. प्राध्यापक व्हायचं तर एम. ए.नंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि जागा थोड्या आहेत हे मी लपवणार नाही. यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, ५०० गुणांचा, आणि उत्तरं मराठीत लिहिता येतात. पण निव्वळ तेवढ्यासाठी इकडे येऊ नका. आणि बी. ए.ला हा विषय नव्हता म्हणून मागेही हटू नका. बऱ्याच ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो.

अर्ज भरण्याआधी एक करा. जवळच्या विद्यापीठात जा, विभागात विचारा आणि एका तासाला मागच्या बाकावर बसा. वर्ग लहान असतात, नवा चेहरा लगेच दिसतो, आणि सर किंवा मॅडम बहुधा तुम्हालाच विचारतील, "तुम्हाला काय वाटतं?" तेव्हा मनात येईल ते बोला, आणि त्यानंतर "कशावरून?" असं विचारलं जाईल तेव्हा तिथेच बसून राहा.

नमस्कार.