पहिल्या देणगीनंतर

श्रोतेहो, नमस्कार.

नवं वर्ष लागलं की सामाजिक संस्थांच्या कचेऱ्यांत एक प्रसंग हमखास घडतो. खजिनदार खातं उघडून बसतात, शिल्लक बघून सुस्कारा टाकतात आणि कुणीतरी म्हणतं, "चला, आवाहनाचं पत्र काढूया." माझं म्हणणं असं की, ते पत्र महिनाभर थांबू द्या.

डिसेंबर हा अनेक देशांत देणग्यांचा महिना. अमेरिकेत तर त्या वर्षाची करसवलत हवी असेल तर ३१ डिसेंबरच्या आत देणगी द्यावी लागते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात रीघ लागते. त्या गर्दीत पहिल्यांदाच देणारे पुष्कळ असतात. कुणी मित्राच्या शब्दाखातर दिलेलं असतं, कुणी मोबाइलवर फोटो पाहून. यातले बहुतेक पुन्हा फिरकत नाहीत. नवा देणगीदार मिळवायला जो खर्च येतो, तो त्याच्या पहिल्या देणगीतून बऱ्याचदा भरूनही निघत नाही. संस्थेला खरा आधार होतो तो दुसऱ्या, तिसऱ्या देणगीचा. आणि ती दुसरी देणगी यायची की नाही, हे बरंचसं या पहिल्या काही आठवड्यांतच ठरतं.

पावती तर सगळेच पाठवतात. "आपल्या उदार देणगीबद्दल संस्था आपली ऋणी आहे." खाली शिक्का, सही, विषय संपला. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की पैसे पोचले. त्याऐवजी समजा असं लिहिलं: "तुमच्या देणगीतून वाचनालयातली खिडकीजवळची दोन मोडकी टेबलं दुरुस्त झाली. संध्याकाळी परीक्षेची मुलं आता तिथेच बसतात. त्या कोपऱ्यात दिवा मात्र अजून नाही." यात कुठे काही मागितलंय? नाही. पण दिव्याचं वाक्य वाचणाऱ्याच्या डोक्यातून सहज जायचं नाही. आणि नाही दिला दिवा, तरी आपले पैसे कुठे गेले हे त्याला कळलंच की!

दुसरं काम यादीचं. आदल्या वर्षी ज्यांनी दिलं आणि गेल्या वर्षी दिलं नाही, त्यांची नावं वेगळी काढा आणि त्यांना फोन करा. पत्र नको, फोनच. "तुमची आठवण झाली, आमचं काही चुकलं का?" एवढंच विचारा. पुष्कळदा कारण अगदी साधं निघतं. पत्ता बदललेला असतो, कार्डाची मुदत संपलेली असते, किंवा मधल्या काळात कुणी विचारलेलंच नसतं. हे फोन अध्यक्षांनी केले तर सोन्याहून पिवळं. पण अध्यक्षांना भाषणं करायला सांगा, ते आनंदाने करतील. फोनचं नाव काढलं की त्यांना नेमकी कामं आठवतात.

आता मागायचं कसं, याची एक गोष्ट. ती जानेवारीतलीच आहे आणि रेडिओवरचीही. १९३८च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पोलिओशी लढण्यासाठी एक राष्ट्रीय संस्था काढली. तिच्यासाठी विनोदी कलाकार एडी कँटर यांनी रेडिओवरून आवाहन केलं: प्रत्येकाने फक्त एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट व्हाइट हाऊसच्या पत्त्यावर पाठवावं. पहिले एक-दोन दिवस काही विशेष घडलं नाही. मग टपालाच्या थैल्यांवर थैल्या येऊ लागल्या, इतक्या की अध्यक्षांचं नेहमीचं सरकारी टपाल त्यात सापडेना. २६ लाख ८० हजार नाणी जमली, म्हणजे २ लाख ६८ हजार डॉलर. पुढे याच संस्थेच्या पैशावर जोनास साल्क यांचं लशीचं काम उभं राहिलं आणि १२ एप्रिल १९५५ रोजी ती लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं.

त्या आवाहनात किती द्यायचं हे पक्कं होतं, कुठे पाठवायचं हे पक्कं होतं, आणि रक्कम अशी की लहान मुलालाही जमावी. "यथाशक्ती मदत करा" म्हटलं की माणूस विचारात पडतो, आणि विचारात पडलेला माणूस पाकीट परत खिशात ठेवतो. म्हणून तुमचं पत्र जेव्हा जाईल, तेव्हा त्यात आकडा लिहा, तो कशासाठी ते लिहा, आणि जमत असेल त्याला तीच रक्कम दरमहा द्यायला सुचवा. दरमहा येणारी लहान रक्कम हाताशी असली की पगार कुठून करायचे, या चिंतेने कुणाची झोप उडत नाही.

पगारावरून आठवलं. श्रोत्यांपैकी जे देणारे आहेत, त्यांना एक विनंती. "माझे पैसे फक्त प्रत्यक्ष कामाला, कार्यालयाला नकोत," असं बजावून देण्याची आपल्याला सवय आहे. पण ती दोन टेबलं दुरुस्त करून घेणारा, हिशेब ठेवणारा, तुम्हाला ते पत्र लिहिणारा माणूस कार्यालयातच बसतो. यंदा देणगी देताना कशासाठी, हा रकाना एकदा कोरा सोडून बघा.

नमस्कार.