टेबलं वाढली, देह कुठून येतात?

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५मध्ये सुरू झालं. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७मध्ये, आणि तीन वर्षांनी हे कॉलेज त्याला जोडलं गेलं. तेव्हा फॉर्मॅलिन, म्हणजे मृतदेह टिकवणारं फॉर्माल्डिहाइडचं द्रावण, नव्हतं. फॉर्माल्डिहाइडनं ऊतक टिकतं, हे जर्मनीत फर्डिनांड ब्लुम यांनी दाखवलं ते १८९३मध्ये. तोवर विच्छेदनाचा, म्हणजे शिकण्यासाठी मृतदेह उघडून पाहण्याचा, क्रम कुजण्यावर ठरे. आतडी लवकर सडतात, म्हणून आधी पोट, हातपाय शेवटी. आज बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाची मुलं हातापासून सुरुवात करतात. स्नायू ठसठशीत असतात, चिमटा घसरला तरी फार बिघडत नाही.

पुढे परळचं जी. एस., पुण्याचं बी. जे., मग जिल्ह्याजिल्ह्यांत कॉलेजं झाली. १९९८मध्ये नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आलं. काही वर्गांत आता २५० जागा आहेत. एका टेबलाभोवती दहा मुलं धरली, तरी २५ देह हवेत. जागा कागदावर वाढतात, देह तसे वाढत नाहीत. १९४९च्या शरीररचनाशास्त्र कायद्यानं बेवारस देह कॉलेजांना मिळण्याची वाट केली. देहदानाची चळवळ नंतरची.

देह आला की आधी कागद: मृत्यूचं प्रमाणपत्र, नातेवाइकांची संमती. शवविच्छेदन (पोस्टमॉर्टेम) झालेला देह सहसा घेत नाहीत, कारण रक्तवाहिन्या कापलेल्या असतात आणि द्रावण आत टिकत नाही. नेत्रदान मात्र चालतं.

मग एम्बामिंग, म्हणजे देह टिकावा म्हणून रक्तवाहिन्यांतून द्रावण भरणं. जांघेत छेद घेऊन मांडीची मुख्य धमनी मोकळी करतात. नळी आधी हृदयाच्या दिशेनं, नंतर पावलाकडे. द्रावण आठ-दहा लिटर: त्यात दीड-दोन लिटर फॉर्मॅलिन, बाकी स्पिरिट, ग्लिसरीन, थोडं फिनॉल, पाणी. प्रमाण प्रत्येक कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाचं थोडं वेगळं. डबा उंचावर टांगून द्रावण आपल्या वजनानं उतरू देतात. याला काही तास लागतात. घाई करून पंपाचा दाब वाढवला, तर चेहरा सुजतो आणि नाकातोंडातून द्रावण बाहेर येतं.

देहदान करणारे बहुधा वयस्कर. धमन्या कडक, कुठे गुठळ्या, त्यामुळे एखाद्या पायात द्रावण पोचत नाही, तो कोराच राहतो. बोटं मऊ लागली, पोटावर हिरवट डाग दिसला, की ओळखायचं. तिथे सुईनं थेट द्रावण सोडतात. हे त्याच दिवशी झालं नाही, तर पुढे तो भाग टाकूनच द्यावा लागतो.

मग देह द्रावणाच्या टाकीत. टेबलावर घेतल्यावर खरा शत्रू कोरडेपणा. तास संपला की उघडी केलेली जागा द्रावणात भिजवलेल्या फडक्यानं झाकायची, वर प्लॅस्टिक. फडकं साध्या पाण्यात भिजवलं, की बुरशी धरते.

डोळ्यांची चुरचुर सगळ्यांना ठाऊक असते. पण फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४मध्ये काढला, आणि तरी विच्छेदनाच्या अनेक हॉलमध्ये हवा ओढणारे पंखे छताशीच आहेत. छताकडे हवा ओढली, की वाफ आधी मुलांच्या नाकासमोरून जाते. ओढ टेबलाच्या पातळीवर, खालच्या बाजूला हवी.

देहदानाचा अर्ज भरला, एवढ्यानं काम होत नाही. मृत्यूनंतर निर्णय घरचे घेतात. सहा तासांच्या आत कळवलं तर उत्तम, उन्हाळ्यात त्याहून लवकर. विभागाचा फोन नंबर घरात दर्शनी लावलेला असावा, अर्जाची प्रत कपाटात असून चालत नाही.