राक्षसाचा जीव कुठं असतो?

(दृश्य: सांगली. विष्णुदास भावे नाट्यमंदिराची दर्शनी बाजू, सकाळची वर्दळ.)

5 नोव्हेंबर 1843. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढे विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. मराठी रंगभूमी दिन याच तारखेला असतो, हे शाळेपासून पाठ. त्या नाटकाची रीत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पात्रांच्या हाती लिहून दिलेले संवाद नसायचे. सूत्रधार पदं म्हणायचा, प्रसंग कुठवर आला ते सांगायचा आणि मग देव, ऋषी, राक्षस आयत्या वेळी सुचेल तसं बोलायचे. राक्षसांना तर बोलण्याचीही फारशी गरज नसे. 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकून तलवारी परजत आले की काम झालं.

सांगलीचा दुसरा नाद बुद्धिबळाचा. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून इथं खेळाडू घडवले, स्पर्धा भरवल्या, बाहेरगावच्या खेळाडूंना सांगलीची वाट दाखवली.

आता हे नाटक आणि हा पट एकाच टेबलावर आणून ठेवा. तसं घडलं, पण सांगलीत नाही, अमेरिकेत. त्यातून जो खेळ निघाला, त्यानं गेल्या पन्नास वर्षांत जगभरच्या अद्भुतकथांचं वळण बदललं. डंजन्स अँड ड्रॅगन्स. खेळणारे म्हणतात डीएनडी.

(दृश्य: सांगलीच्या विश्रामबागेतला फ्लॅट. जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली, चुरमुऱ्यांचं भडंग, रंगीत फासे.)

पाच जण बसलेत. एक डीएम, म्हणजे डंजन मास्टर, या खेळाचा सूत्रधार. बाकीच्या चौघांकडे एकेक पात्र: योद्धा, मांत्रिक, पुजारी आणि चोर. डीएम सांगतो, "दरवाजा बंद आहे. आतून घोरण्याचा आवाज येतोय. काय करताय?" चोर झालेली मुलगी म्हणते, "मी कुलूप काढते, हळूच." वीस बाजूंचा फासा पडतो. आले फक्त तीन, डाव फसला. डीएम म्हणतो, "घोरणं थांबलं."

सगळे एकदम ओरडतात. खेळ एवढाच. हार-जीत नाही, पट असला तर असला, नाहीतर नाही.

(दृश्य: बुद्धिबळाचा पट, त्यावर हळूहळू जुना लष्करी नकाशा उमटतो.)

याचं मूळ खरोखरच बुद्धिबळात आहे. आपलं चतुरंग इराणमार्गे युरोपात गेलं. 1780 मध्ये हेलविग नावाच्या जर्मन प्राध्यापकानं पट वाढवून त्यावर डोंगर, नद्या, तोफा आणल्या. पुढं प्रशियात राइसविट्झनं चौकटी काढून थेट नकाशा घेतला, निकालाला फासे आणले आणि खेळ चालवायला एक पंच बसवला. 1824 मध्ये हा खेळ प्रशियन सैन्यात अधिकाऱ्यांच्या सरावासाठी गेला.

नाटक त्यात शिरलं 1969 मध्ये, तेही न ठरवता. मिनेसोटात डेव्हिड वेस्लीनं नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक गाव मांडलं. सैन्याच्या सेनापतींबरोबर त्यानं गावातल्या लोकांच्या भूमिकाही वाटल्या. खेळाडू आपापसांत कुजबुजायला लागले, कारस्थानं करायला लागले, दोघांनी तर द्वंद्वच पुकारलं. लढाई राहिली बाजूला. वेस्लीला वाटलं, डाव पार फसला. खेळाडू मात्र विचारत राहिले, पुन्हा कधी?

त्यांच्यातलाच एक डेव्ह अर्नेसन. त्यानं किल्ला आणि त्याखालची भुयारं मांडली. खेळाडूंचा आपल्या पात्रावर इतका जीव जडला की एका घावात ते मेलेलं त्यांना चालेना. मग अर्नेसननं जहाजांच्या युद्धखेळातली एक युक्ती उचलली. जहाज जसं अनेक मारे सोसून मग बुडतं, तसं पात्रालाही ठरावीक मार सोसू द्यायचा. हे हिट पॉइंट. आज ज्या पोराच्या मोबाइलवर गेम आहे, त्याला हिट पॉइंट समजावून सांगावे लागत नाहीत.

अर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी जानेवारी 1974 मध्ये हा खेळ छापला. तीन पुस्तिका, एक खोका, पहिल्या 1000 प्रती.

गायगॅक्स अधाशी वाचक. 1979 च्या मार्गदर्शक पुस्तकात त्यानं स्फूर्ती देणाऱ्या लेखकांची यादीच जोडली. मांत्रिक मंत्र पाठ करतो आणि एकदा वापरला की विसरतो, हे जॅक व्हान्सच्या कथांमधलं. ट्रोल नावाच्या दैत्याच्या जखमा आपोआप भरून येतात, हे पोल अँडरसनचं. टोल्किनचे बुटके हॉबिट घेतले, पण हक्कदारांनी हरकत घेतल्यावर त्यांचे हाफलिंग झाले. काही प्राणी तर प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांवरून आले! घुबडाच्या तोंडाचं अस्वल त्यातलंच.

आणि आपला राक्षसही या माणसानं सोडला नाही.

(दृश्य: वाघाचं डोकं, अंगात उंची कोट, हातात पाइप. रेखाचित्र.)

1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या अक्राळविक्राळ प्राण्यांच्या पुस्तकात, राक्षस आहे. मूळचा भारतातला, असंही तिथं नमूद केलंय. पण रूप पाहा. वाघाचं तोंड, साहेबी थाट. रामायणात कोट-पाइपवाला राक्षस शोधून सापडायचा नाही. गायगॅक्सला राक्षस भेटला अमेरिकन टीव्हीवरच्या एका भयकथेत. त्यात राक्षस समोरच्याच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन येतो आणि मंतरलेल्या बाणानं मरतो. खेळानं हे दोन्ही घेतलं. वाघाचं तोंड पुढं इतकं रुळलं की इतर खेळांमधले आणि पत्त्यांवरचे राक्षसही मांजराच्या कुळातले झाले. आज सांगलीतला पंधरा वर्षांचा मुलगा 'राक्षस' म्हटल्यावर वाघ काढून दाखवतो. मला याचा राग येत नाही. भाव्यांचे राक्षस तरी वाल्मीकींना विचारून थोडेच 'अललडुर्र' ओरडत होते?

मला खटकतं ते दुसरंच. आपल्या गोष्टींत राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो. त्याला कितीही मारा, उपयोग नाही. गुपित कळलं पाहिजे. गायगॅक्सच्या पुस्तकात राक्षसाचा जीव आकड्यात लिहिलाय. तेवढे घाव घाला, मरेल. तो मंतरलेला बाण तेवढा जुन्या रीतीचा उरला, बाकी सगळा हिशेब. हाच हिशेब पुढं कादंबऱ्यांत आला. मांत्रिकाची ताकद मोजता येऊ लागली, नायक पायरीपायरीनं 'लेव्हल' चढू लागला. नियम बांधेसूद झाले आणि नवल काहीसं आटलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण खेळानं दिलंही भरपूर. एकट्या राजपुत्राच्या जागी न पटणाऱ्या पाच जणांची टोळी आली. 1982 मध्ये रेमंड फीस्टची पहिली कादंबरी आली. तिचं जग मित्रांच्या खेळातलं. 1984 मध्ये मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ड्रॅगनलान्स मालिका सुरू झाली, ती खेळाच्या जोडीनंच. स्टीव्हन एरिक्सन आणि इयान एस्लमाँट हे दोघे पुरातत्त्वाचे अभ्यासक. त्यांनी खेळता खेळता शेकडो पात्रांची साम्राज्यं रचली आणि मग दोघांनीही त्यावर जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या.

जपानची गोष्ट सगळ्यांत भारी. 1986 मध्ये तिथल्या एका मासिकानं डीएनडीच्या टेबलावर झालेलं बोलणंच छापायला सुरुवात केली, कोण काय म्हणालं तसंच्या तसं. त्यातून 1988 मध्ये ऱ्यो मिझुनोची लोडोस या काल्पनिक बेटावरची कादंबरी आली, मग अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका. त्याच वर्षी, 1986 मध्येच, ड्रॅगन क्वेस्ट हा व्हिडिओ गेम आला. त्याच्यामागे विझर्ड्री हा अमेरिकन गेम, आणि विझर्ड्रीच्या मागे पुन्हा डीएनडी. अ‍ॅनिमेत नायक दुसऱ्या दुनियेत पडतो आणि हवेत त्याच्या ताकदीचा तक्ता उघडतो, तो या टेबलावरच्या कॅरॅक्टर शीटचाच, म्हणजे पात्राची ताकद लिहायच्या कागदाचाच वंशज.

(दृश्य: पुन्हा फ्लॅट. भडंग संपलंय.)

दरवाजामागं होता तो वाघतोंड्या राक्षसच. योद्ध्यानं घाव घातले, फासे चांगले पडले, आकडा शून्यावर आला. डीएम "मेला" म्हणणार, इतक्यात पुजारी झालेल्या मुलानं विचारलं, "पण याचा जीव कुठंय?"

पुस्तकात याचं उत्तर नाही. डीएमनं क्षणभर छताकडं पाहिलं आणि म्हणाला, "दंडोबाच्या डोंगरात कोरलेलं देऊळ आहे ना, तिथं एक पोपट आहे."

राक्षस उठून बसला. टोळीत भांडण जुंपलं. योद्ध्याला तडक दंडोबाला निघायचंय, मांत्रिक म्हणतो आधी मिरजेत मुक्काम करू, मंत्र संपलेत. आणि चोर विचारतेय, पोपट न मारता विकला तर किती येतील?