वाळवणाचे दिवस

[दृश्य: परळची चाळ. पहाट. गच्चीवर अंथरलेलं जुनं लुगडं.]

आमच्या चाळीत एप्रिल महिना वासावरून ओळखू यायचा. भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, चीक गाळून निवळत ठेवायचा, आणि उन्हं वर यायच्या आत शिजवून पातेलं गच्चीवर न्यायचं. आई सोऱ्या दाबायची, आम्ही पोरं कावळे हाकायला. संध्याकाळी कुरडई लुगड्यावरून नुसतं बोट लावताच सुटली, की आई म्हणायची, "ऊन लागलं हो चांगलं."

मुंबईत हवामान मोजायची ही आमची पद्धत. तापमापी कुणाच्याच घरात नव्हती.

२०२५ साली मेच्या पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी वारा सुटला, धूळ उठली आणि पाऊस आला. वळीव म्हणून सोडून दिलं. मग तो पुन्हा आला. मग येतच राहिला. खाली आणलेल्या कुरडया पलंगावर, कपाटावर, पंख्याखाली पसरल्या. दोन दिवसांत त्यांवर काळे ठिपके. आईनं त्या टाकून दिल्या, आणि त्या दिवशी ती फार बोलली नाही.

२६ मे रोजी हवामान खात्यानं जाहीर केलं, मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे सोळा दिवस आधी. याआधी तो सगळ्यात लवकर आला होता २९ मे रोजी, १९५६ साली. कुलाब्याच्या वेधशाळेत मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला. मिरग अजून लागायचा होता. आणि खुद्द मिरग लागला, तेव्हा पाऊस गायब! जवळजवळ पंधरवडा उघडीप. छत्र्या घेऊन माणसं घामानं भिजत होती.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. तारखांच्या चौकटींत पेनानं लिहिलेल्या नोंदी.]

हे आईचं कॅलेंडर. दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, कुणाची बारशी. आणि अधूनमधून हे: "पहिला पाऊस." "गोधड्या धुतल्या." "कोकीळ ओरडली."

गोधड्यांची नोंद मला फार महत्त्वाची वाटते. होळी जळाली, थंडी पळाली, असं आपण म्हणत आलो. गोधड्या होळीनंतर धुवायच्या. २०२५ ची होळी होती १३ मार्चला. आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सांताक्रूझला पारा ३८ अंशांच्या वर होता. हवामान खात्याला फेब्रुवारीत मुंबईसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. त्या वर्षीच्या गोधड्या फेब्रुवारीतच दोरीवर पडल्या.

जाणती माणसं म्हणतील, असे दिवस आधीही होते. होते, आणि ते सांगितलंच पाहिजे. २५ फेब्रुवारी १९६६ रोजी सांताक्रूझला ३९.६ अंशांची नोंद आहे. पण तेव्हाचा असा दिवस म्हणजे पाहुणा होता. आता तो घरात राहायला आल्यासारखा वागतो. २०२२ चा मार्च देशात १२२ वर्षांतला सर्वात उष्ण मार्च ठरला. २०२४ हे जगातलं आजवरचं सर्वात उष्ण वर्ष.

असं का होतं, याचं निम्मं उत्तर मुंबईकराच्या अंगाला ठाऊक असतं. सकाळी वारा जमिनीवरून येतो, कोरडा. दुपार व्हायच्या सुमारास तो फिरतो आणि समुद्रावरचे खारे वारे सुरू होतात. तो वारा आला की शहर श्वास सोडतं. पूर्वेचा वारा जोरात असला, तर खारा वारा उशिरा पोचतो, आणि तेवढे दोन-तीन तास पारा चढतच राहतो. हे पूर्वीही व्हायचं. फरक इतकाच, की आता ज्या हवेवर हे घडतं ती हवा आधीच तापलेली आहे.

[दृश्य: वर्सोवा कोळीवाडा. बांबूंवर टांगलेले बोंबील.]

वर्सोव्याला बोंबील वाळत घालताना जवळून बघा. दोन बोंबील घेतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात, आणि ती जोडी दोरीवर टाकतात. ना गाठ, ना खिळा. बघता बघता कोळीण मावशींचा हात पुढे सरकतो. वर ऊन आणि खालून वारा, दोन्ही लागतात. मधेच पाऊस पडला, की वाळत आलेला माल मऊ पडतो, त्याला वास मारतो, आणि सुकट म्हणून विकायचा तो खताच्या भावानं जातो.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांची बेगमी या दोऱ्यांवर असते. मे महिन्यात पाऊस येणं म्हणजे घरात पैसा येण्याच्या आधीच तो वाहून जाणं.

मी विचारलं, मावशी, कधीपासून असं? त्यांनी साल सांगितलं नाही. वादळं सांगितली. ओखी, डिसेंबरात आलं ते. निसर्ग. मग तौक्ते. १७ मे २०२१ चा तो दिवस, कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानानं शांत मानला जायचा. आता त्याचं पाणी तापतंय, आणि कोमट पाण्यावरच वादळ पोसतं. हवेचंही तसंच. एक अंश तापलेली हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो, कधी एकाच जागी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३.

[दृश्य: रात्र. चाळीची गॅलरी. जमिनीवर झोपलेली माणसं.]

आपल्याला वाटतं हे आपल्यापुरतंच. माझी मावसबहीण इंग्लंडात असते. १९ जुलै २०२२ ला तिचा फोन आला. तिथं पारा ४०.३ अंशांवर गेला होता, त्या देशात आजवर कधी नव्हता इतका. पडदे ओढून, ओला टॉवेल मानेवर घेऊन ती बसली होती. इथल्या माणसाला चाळीस म्हणजे काय मोठंसं वाटणार नाही. पण तिथली घरंच ऊब धरून ठेवायला बांधलेली. आमच्या गॅलरीत निदान वारा तरी लागतो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना तोही नाही. तिथं मध्यरात्रीनंतरही भिंतीला हात लावून बघा.

जपानमध्ये क्योतो शहरात चेरी कधी फुलली, याच्या नोंदी हजारावर वर्षांच्या आहेत. राजदरबारातल्या माणसांनी, भिक्षूंनी रोजनिशीत लिहिलेल्या. त्यांना कुठं माहीत होतं, आपण विज्ञान लिहितोय? फुलं बघून आनंद झाला, तो दिवस टिपला. त्या नोंदींमुळेच कळलं, की २०२१ साली २६ मार्चला बहर भरात आला, तोवरच्या बाराशे वर्षांत सगळ्यात लवकर.

हे वाचल्यापासून मी आईची जुनी कॅलेंडरं रद्दीत जाऊ देत नाही. एकोणीस आहेत. काही वाळवीनं खाल्लीत. एका पानावर फक्त "हत्ती पडला, भिंत ओली" एवढंच आहे. हत्ती म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस. आणि मला ती भिंत आठवते.

[दृश्य: गच्ची. आईचे हात, सोऱ्या.]

यंदा आईनं गहू फेब्रुवारीतच भिजवला. मी म्हटलं, एवढ्या लवकर? ती म्हणाली, "मे आपला राहिला नाही रे."

तीन दिवसांनी पहाटे पातेलं वर गेलं. आता कावळे हाकायला कुणी पोर नाही, मीच बसलो. संध्याकाळी तिनं लुगड्याचं टोक उचललं, बोट लावलं. खाली आल्यावर चष्मा लावून त्या दिवसाच्या चौकटीत लिहिलं: "दूध १. कुरडई सुटली."