डावीकडची जादा शीर

श्रोतेहो, नमस्कार. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या कागदावर कधी कधी एक ओळ असते: 'पर्सिस्टंट लेफ्ट एसव्हीसी'. म्हणजे बाळाच्या छातीत डावीकडे एक जादा मोठी शीर. यावलहून, साक्रीहून, तळोद्याहून माणसं तो कागद घेऊन येतात, तेव्हा सासू-सुना दोघींच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं.

डोक्याकडचं आणि हातांतलं अशुद्ध रक्त हृदयाकडे आणते ती वरची महाशीर, म्हणजेच एसव्हीसी. बहुतेकांत ती उजवीकडे एकच असते. गर्भात मात्र सुरुवातीला दोन्ही बाजूंना एकेक शीर असते. आठव्या आठवड्याच्या सुमारास डावीकडचं रक्त उजवीकडे नेणारा आडवा जोड तयार होतो आणि डावी शीर आकसत जाते. पांझरेकाठी नवा पाट वाहू लागला की जुनी चारी बुजते, तसंच हे. हजारात तीन ते पाच जणांत मात्र ती बुजत नाही, वाहती राहते. ज्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, त्यांच्यात हे प्रमाण बरंच जास्त. म्हणूनच अशी ओळ दिसली की पोटातल्या बाळाच्या हृदयाची इको तपासणी करून घ्यावी.

बाकी काही दोष नसेल तर घाबरू नका. दहापैकी सुमारे नऊ जणांत ही शीर हृदयाच्या मागच्या कोरोनरी सायनस नावाच्या शिरेमधून उजव्या कप्प्यातच उघडते. ते रक्त तसंही तिथेच जायचं होतं. अशी माणसं केळीची लोंगरं वाहतात, म्हातारी होतात, त्यांना पत्ताही नसतो. थोड्यांत ती डाव्या कप्प्यात उघडते, आणि तिथे जपायला हवं. फुप्फुसाच्या गाळणीतून न जाता आलेली गुठळी किंवा जंतू थेट मेंदूकडे जाऊ शकतात.

शीर कुठे उघडते हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. दोन सिरिंजमध्ये सलाईन इकडून तिकडे घुसळतात, त्यात बारीक बुडबुडे होतात. ते डाव्या हाताच्या शिरेतून सोडायचे आणि इकोच्या पडद्याकडे बघायचं. पांढरे ठिपके आधी फुगलेल्या कोरोनरी सायनसमध्ये चमकतात, मग उजव्या कप्प्यात. डाव्या कप्प्यात आधी चमकले, तर पुढचा विचार वेगळा.

आता माझं कळकळीचं सांगणं. हा रिपोर्ट फाइलमध्ये नीट ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवा. उद्या पेसमेकर बसवायची वेळ आली, आयसीयूत मानेतून नळी घालावी लागली किंवा डायलिसिसचा कॅथेटर टाकायचा झाला, तर डाव्या बाजूने घातलेली तार किंवा नळी डावीकडूनच खाली उतरते. एक्स-रेवर ती भलतीकडे गेल्यासारखी दिसते. आधी माहीत असेल तर डॉक्टर उजव्या बाजूने जातात, किंवा तयारीनिशी जातात.

आणि त्या आईला दोष देणं थांबवा. "डॉक्टर, मन्हं काय चुकनं?" असं विचारताना तिचा आवाज कापतो. बाई, काहीही चुकलं नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने शीर उरत नाही. ही घडामोड तर दुसऱ्या महिन्यातली, कित्येकींना तेव्हा दिवस गेल्याचंही नुकतंच कळलेलं असतं.

या जादा शिरेहून वेगळ्या अशा एका दोषात मात्र थांबायला वेळ नसतो. फुप्फुसातून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा डाव्या कप्प्याऐवजी उजव्या बाजूला जाऊन मिळतात. त्या चारही तशाच असल्या तर शुद्ध-अशुद्ध रक्ताची सरमिसळ होते. बाळाची जीभ, ओठ निळसर दिसतात, दूध ओढताना धाप लागते, कपाळाला घाम सुटतो. यावर ऑपरेशन हाच इलाज, आणि शिरांची वाट अडलेली असेल तर ते जन्मल्यावर लगेच करावं लागतं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांना मूल जरूर दाखवा. पण जीभ निळी पडलेल्या तान्ह्याला पथकाची वाट पाहत ठेवू नका. धडगावच्या पाड्यावर असा किंवा भुसावळात, १०८ ला फोन करा, रात्र असली तरी.